कंपनी डगमगू लागली: थांबायचं की निघायचं, हे ठरवण्याची रीत

पैशांची चणचण लागली की मालक आधी कोणाचे पैसे थांबवतो, याला एक ठरलेला क्रम असतो. विजेचं बिल थकलं तर वीज खातं जोडणी तोडतं. कच्चा माल देणाऱ्याला पैसे गेले नाहीत तर पुढची गाडी येत नाही. बँकेचा हप्ता 90 दिवस चुकला की खातं थकीत धरलं जातं. पगार एक दिवस लांबला तरी गेटवर कुजबुज सुरू होते. पण पगारातून पीएफ, ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) आणि टीडीएस (आयकर) कापून घेतला आणि भरलाच नाही, तर कित्येक महिने कोणाला पत्ता लागत नाही. अडचणीतली कंपनी पहिला हात तिथेच घालते. पगार उशिरा येणं ही तुम्हाला जाणवणारी पहिली खूण असेल, पण तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

म्हणून हा विचार कँटीनमधल्या बातम्यांवरून सुरू करू नका. मालक माणूस म्हणून किती चांगला, यावरूनही नको. चांगल्या माणसांच्या कंपन्याही बुडतात. सुरुवात घरबसल्या, मोबाइलवर आणि फुकट करता येते.

पासबुकातल्या तीन रकमा

ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संघटना) पासबुक संकेतस्थळावर किंवा सरकारच्या उमंग ॲपवर आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, टाकून पासबुक उघडा. बऱ्याच कंपन्या 15,000 रुपयांच्या मर्यादेवरच पीएफ भरतात. तुमची कंपनी त्यातली असेल तर दर महिन्याच्या ओळीत तीन रकमा दिसायला हव्यात: तुमचे 1,800, मालकाचे 550 आणि पेन्शनचे 1,250. जुलैच्या पगाराचा पीएफ 15 ऑगस्टपर्यंत भरायचा असतो आणि पासबुकात उमटायला आणखी काही दिवस जातात. त्यामुळे शेवटचा एक महिना दिसला नाही म्हणून घाबरू नका. दोन महिने दिसले नाहीत तर अकाउंट्समध्ये विचारा. तीन महिने गायब आणि पगाराच्या स्लिपवर मात्र 1,800 रुपये कापलेले, असं असेल तर कारण काहीही सांगोत, त्याच आठवड्यात बायोडेटा बाहेर काढा. कापलेली रक्कम न भरणं हा नुसता उशीर नव्हे, तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. मालकाला हे ठाऊक असतं. तरीही तो ते करतो, तेव्हा त्याचे बाकीचे मार्ग संपलेले असतात.

ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याचीही सोय आहे, तिला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाकून भरण्याचा तपशील उघडला की कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती कामगारांसाठी, कोणत्या तारखेला भरले ते दिसतं. इथे दोन गोष्टी बघायच्या. तारीख 14 वरून 20, मग 28 अशी घसरत चालली आहे का, आणि कामगारांचा आकडा महिन्यागणिक कमी होतो आहे का. माणसं सोडून जात असतात पण वेगवेगळ्या शिफ्टमध्ये असल्यामुळे ते जाणवत नाही. या तक्त्यात ते उघडं पडतं.

ईएसआय 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू आहे, तुमचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25. भरणा तुटल्याचं इथे गोव्यात माणसाला बहुधा मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात गेल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या भरणा-काळात निदान 78 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. घरात कोणाचं ऑपरेशन किंवा बाळंतपण यायचं असेल तर हे आजच तपासा.

टीडीएससाठी आयकर संकेतस्थळावर 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, बघा. एप्रिल ते जून या तिमाहीचं विवरण 31 जुलैपर्यंत द्यायचं असतं, म्हणून ऑगस्टच्या मध्यानंतर आकडे दिसायला हवेत. कापलेला पण न भरलेला कर खात्याने पुन्हा तुमच्याकडून वसूल करू नये असा कायदा आहे, तरी रिफंड अडकतो आणि खेटे तुम्हालाच घालावे लागतात. स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

शेवटची तपासणी जीएसटीची. जीएसटी पोर्टलवर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला (तो कुठल्याही बिलावर असतो) की नोंदणी चालू आहे, निलंबित आहे की रद्द, आणि कोणत्या महिन्याचं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. 3बी हे मासिक रिटर्न पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शेवटचा ताळेबंद कोणत्या सालचा दाखल आहे आणि मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे तेही बघता येतं. दोन वर्षं ताळेबंदच नाही, हे उत्तर पुरेसं बोलकं आहे.

मंदी वेगळी, बुडणं वेगळं

गोव्यात ही गल्लत फार होते, कारण इथला अर्धा धंदा हंगामी. हॉटेलात जूनमध्ये खोल्या रिकाम्या राहणं, जेवणाचा हॉल बंद करणं, कंत्राटी वेटर घरी पाठवणं हे दरवर्षीचं आहे. जुलैची तुलना डिसेंबरशी करू नका, गेल्या जुलैशी करा. गेल्या पावसाळ्यात पगार वेळेवर झाला होता आणि यंदा झाला नाही, तर ती खूण. आणि ऑक्टोबर उजाडून नोव्हेंबर लागला, खोल्या भरल्या, तरीही मागची बाकी निघाली नाही, तर थांबण्याचं कारण संपलं. भर सीझनमध्ये जो देणी फेडू शकत नाही तो पुढच्या जूनमध्ये काय फेडणार?

दुसरा प्रश्न: आजार कंपनीचा आहे की सगळ्या धंद्याचा? खाणींचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग त्या सुरू झाल्या आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. अशा वेळी एका खाणीतून दुसऱ्या खाणीत, किंवा खाणीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर जाणं म्हणजे त्याच संकटात जागा बदलणं. धंदाच आजारी असेल तर कौशल्य बाहेर काढता येतं का ते बघावं लागतं. पोकलेन चालवणारा रस्त्याच्या कामावर चालतो, डिझेल मेकॅनिक कुठेही चालतो, काट्यावरचा क्लार्क गोदामात चालतो. फक्त एकाच मालकाच्या पद्धतीत मुरलेल्या सुपरवायझरला सगळ्यात जड जातं. त्याने इतरांच्या आधी हालचाल करावी.

धंदा ठीक आणि कंपनीच आजारी असेल तर कारण विचारा. बहुतेक वेळा ते तिनांपैकी एक असतं. एकच मोठा ग्राहक आणि तो गेला किंवा त्याने पैसे अडकवले: ब्रिटनची पर्यटन कंपनी थॉमस कुक 2019 च्या सप्टेंबरात बुडाली तेव्हा तिच्या चार्टर पाहुण्यांवर विसंबून असलेल्या गोव्यातल्या हॉटेलांना याचीच झळ बसली. दुसरं, नव्या प्लांटसाठी किंवा नव्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज पेलेनासं होणं. तिसरं, मालकांच्या घरातला तंटा. पहिल्यातून कंपनी नवा ग्राहक मिळवून वर येऊ शकते, सहा-आठ महिन्यांत कळतं. दुसऱ्यात बँक काय म्हणते त्यावर सगळं. तिसऱ्याला मुदत नसते. भावाभावांत कोर्टकचेरी सुरू झाली असेल तर धंदा कितीही नफ्याचा असो, चेकवर सह्या होईनाशा होतात.

आत काय बघायचं, कोणाला विचारायचं

मोठ्या घोषणांपेक्षा लहान खर्चाकडे लक्ष ठेवा. वेर्णा, कुंडई, थिवी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत कंपनीची बस ही चांगली मोजपट्टी आहे. दोन मार्ग जोडून एक बस केली तर काटकसर. बसवाल्याची बाकी राहिल्यामुळे एक दिवस बसच आली नाही तर रोख संपली. तसंच यंत्रांचे वार्षिक देखभालीचे करार. सर्व्हिस इंजिनिअर 'आधी मागचं बिल भरा' म्हणून परत गेला, सुटा भाग एका बंद यंत्रातून काढून दुसऱ्यात घातला, कुरिअरवाला रोख मागू लागला: यांतलं दोनतीनदा घडलं की समजावं. अकाउंट्सचा अनुभवी माणूस अचानक नोकरी सोडून गेला, तर ही खूण बाकी सगळ्यांपेक्षा वजनदार. आकडे त्यालाच दिसत होते.

मग साहेबांना सरळ विचारा, एकट्याने आणि सभ्यपणे. 'कंपनीचं कसं चाललंय' असा प्रश्न नको, त्याला 'सगळं ठीक होईल' हेच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: हातात किती महिन्यांच्या ऑर्डरी आहेत? मागचा पगार कोणत्या तारखेला आणि कुठल्या पैशातून होणार आहे? पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत भरलाय? उत्तरात तारीख आणि रक्कम असेल तर माणूस खरं बोलत असण्याची शक्यता बरी. ती तारीख पाळली जाते का ते बघा. एक तारीख चुकली तर समजून घेता येतं. दुसरी चुकली की तिसरी ऐकू नका.

याच सुमारास काही लोकांना बढती मिळते, पगार तोच. खुशाल घ्या, बायोडेटावर उपयोगी पडते. पण कंपनीचं संचालक होऊ नका, कंपनीच्या कर्जाला जामीन राहू नका, आणि कंपनीची खरेदी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करू नका. 'फक्त या महिन्यापुरतं' म्हणून घातलेले पैसे मिळता मिळत नाहीत. सहकाऱ्याच्या पतसंस्थेतल्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही आठवा. कंपनी बसली की दोघांचाही पगार एकदम बंद होतो, आणि संस्था आधी जो सापडेल त्याला नोटीस काढते.

हिशेब: थांबण्याची किंमत, निघण्याची किंमत

निघताना मिळणारी ग्रॅच्युइटी बहुतेकांना अडकवते. सलग पाच वर्षं झाली की शेवटचं बेसिक अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. समजा तुमचं बेसिक 18,000 आहे आणि चार वर्षं पाच महिने झालेत. आज निघालात तर शून्य. सात महिने थांबलात तर 18,000 × 15 ÷ 26 × 5 म्हणजे 51,923 रुपये. नवी नोकरी महिन्याला हातात 6,000 जास्त देते आहे. सात महिन्यांत ते 42,000 होतात. कागदावर थांबणं 10,000 नी फायद्याचं. पण हे गणित 51,923 नक्की मिळणार असं धरून केलेलं आहे. ते मिळण्याची शक्यता पाचात चारपेक्षा कमी वाटत असेल, तर निघणंच बरं. ही शक्यता कशी जोखायची? एचआरला विचारा की ग्रॅच्युइटीसाठी एलआयसीची किंवा इतर विमा कंपनीची गट योजना आहे का, आणि तिचा हप्ता चालू आहे का. असेल तर पैसे कंपनीच्या खिशाबाहेर सुरक्षित आहेत. नसेल तर ती रक्कम म्हणजे कंपनीच्या नुसत्या शब्दावरचं येणं. चार वर्षं 240 दिवसांना पाच वर्षं मानणारे निकाल आहेत, पण रडतखडत चालणारी कंपनी ते आपखुशीने मान्य करील या भरवशावर राहू नका.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादा भाग वेतनातच धरायचा आहे. बेसिक मुद्दाम कमी दाखवलेलं असेल तर ग्रॅच्युइटीचा हिशेब या नियमाने पुन्हा करून बघा. मुदतीच्या करारावरच्या माणसाला तर आता एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: राजीनामा आणि कपात यांत पैशाचा मोठा फरक आहे. निदान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कंपनीने कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 20,000 पगार आणि आठ वर्षं नोकरी म्हटलं तर सुमारे 80,000 अधिक नोटिशीचे 20,000. स्वतः राजीनामा दिला की हे लाखभर गेले. म्हणूनच काही ठिकाणी एचआर एकेकाला बोलावून 'राजीनामा द्या, सर्टिफिकेट चांगलं देतो' म्हणतं. नवी नोकरी हातात नसेल तर असा राजीनामा लिहून देऊ नका, कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या कागदावर सही तर मुळीच नको. मॅनेजर आणि वरच्या पगाराचे सुपरवायझर कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' नसतात, त्यांना ही भरपाई नाही. त्यांनी नियुक्तिपत्रातलं नोटिशीचं कलम वाचावं, तेवढंच त्यांच्या हातात आहे.

भरपाईसाठी थांबण्यात मात्र अर्थ तेव्हाच, जेव्हा कंपनीकडे विकण्यासारखं काही आहे: स्वतःचा प्लांट, यंत्रं, माल. औद्योगिक वसाहतीतला प्लॉट बहुधा विकास महामंडळाकडून लीजवर घेतलेला असतो, तो कंपनीच्या मालकीचा समजू नका. भाड्याच्या जागेत चार संगणकांवर चालणाऱ्या कंपनीकडून भरपाईची आशा धरून बसू नये.

बोनससाठी चवथीपर्यंत थांबणारेही खूप. त्या आर्थिक वर्षात निदान 30 दिवस काम केलं असेल आणि पगाराच्या मर्यादेत बसत असाल, तर नोकरी सोडल्यावरही त्या वर्षाचा किमान 8.33 टक्के बोनस तुमचा हक्काचा आहे. निव्वळ त्यासाठी चार महिने काढायची गरज नाही.

नव्या पगारातून जाण्यायेण्याचा खर्च वजा करायला विसरू नका. आज कंपनीची बस दाराशी येते. उद्या स्कूटरने रोज जाऊन-येऊन 70 किलोमीटर असतील तर 26 दिवसांचे 1,820 किलोमीटर, म्हणजे 40 लिटरच्या आसपास पेट्रोल. साधारण चार हजार तिथेच गेले, टायर आणि पावसाळ्यातला त्रास वेगळा. 6,000 ची वाढ 2,000 वर येते.

आरोग्यविमा कंपनीचा असेल तर तो शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा राजीनाम्याआधी करा, नंतर नव्हे. घरच्यांसाठी राज्य सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत त्यात भागतं. नूतनीकरण राहून गेलेलं असतं, हे हमखास.

नवी नोकरीही त्याच चाळणीतून

ज्या तपासण्या जुन्या कंपनीच्या केल्या त्या सगळ्या नव्या कंपनीच्याही करा: पीएफचा भरणा, जीएसटी, ताळेबंद. घाईत निघालेली माणसं नेमकी दुसऱ्या आजारी कंपनीत जाऊन पडतात, कारण जी कंपनी चार दिवसांत पत्र देते तिथून बरेचदा माणसं पळत असतात.

पत्रावर नियुक्ती देणाऱ्याचं नाव कोणाचं आहे ते आधी वाचा. गेटवर मोठ्या औषध कंपनीची पाटी आणि पत्रावर ठेकेदाराचं लेटरहेड, हे वसाहतींत नेहमीचं. मग चौकशी ठेकेदाराची करायची. सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा फोडून मागा: मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि 'कामगिरीवर अवलंबून' असलेला भाग वजा करून हातात काय पडतं तेवढंच जुन्या पगाराशी ताडून बघा. रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेलं पत्र हाती येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. फोनवरचं 'तुमचं झालंच समजा' हे पत्र नव्हे.

बोटीवर किंवा आखातात जायचा बेत असेल तर एजंटाचा परवाना बघा. परदेशातल्या नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं आणि त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर असावं लागतं. जहाजावरच्या भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाच्या यादीत असावं लागतं. सरकारी जागेसाठी अर्ज जरूर करा, मात्र 'सरकारी लागेपर्यंत इथेच राहतो' असं म्हणून पगार न देणाऱ्या कंपनीत दिवस काढू नका. आणि जागेसाठी कोणाला पैसे देऊ नका. 2024 च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीच्या आमिषाने पैसे उकळल्याची काय काय प्रकरणं बाहेर आली ते सगळ्यांनी वाचलंय.

रेषा कुठे ओढायची

एक पगार आठवडाभर उशिरा आला, पीएफ वेळेवर: थांबा, लक्ष ठेवा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा, ही कायद्याची रेषा. सलग दोन महिने ती ओलांडली: अर्ज पाठवायला लागा. दोन पूर्ण पगार बाकी, किंवा पीएफ तीन महिने गायब: मिळेल त्या पहिल्या बऱ्या नोकरीत जा, थोड्या कमी पगाराची असली तरी. कारण तिसऱ्या महिन्याची बाकी पहिल्या दोन महिन्यांबरोबरच अडकते, आणि हातात पैसे नसलेला माणूस मुलाखतीत पगार ठरवताना लगेच नमतो. घरात तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक असेल तर ही रेषा थोडी पुढे न्यायला हरकत नाही. गृहकर्जाचा हप्ता असेल तर मागे आणा.

अपवाद दोन. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेल्या माणसाने ग्रॅच्युइटीच्या गट योजनेची खात्री करून घेऊन बहुधा थांबावं. त्या वयात मिळणारी नवी नोकरीही पक्की नसते. आणि ज्यांचं नाव परवान्यावर आहे, उदाहरणार्थ कारखान्याचा नोंदलेला मॅनेजर किंवा औषध प्रशासनाने मान्यता दिलेला केमिस्ट, त्यांनी उलट लवकर निघावं. पैशाअभावी देखभाल आणि चाचण्या आखडल्या जातात, आणि अपघात झाला तर जबाबदार म्हणून आधी यांचं नाव पुढे येतं. निघताना आपलं नाव त्या नोंदीतून काढल्याचं पत्र संबंधित खात्यात स्वतः देऊन पोच घ्या.

निघायचं ठरल्यावर

राजीनाम्याच्या आधी: सगळ्या पगार स्लिपा, नियुक्तिपत्र, वाढीची पत्रं, फॉर्म 16 (कापलेल्या कराचं प्रमाणपत्र), हजेरी आणि रजेची शिल्लक स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीचा मेल बंद झाला की काही मिळत नाही. फक्त आपले कागद घ्या, कंपनीचे नव्हेत. पीएफमध्ये नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा रुजू झाल्याची तारीख चुकली असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. अशा दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागू शकते, आणि कंपनीला टाळं लागल्यावर ती द्यायला कोणी उरत नाही.

राजीनाम्यात भावना नको, येणी हवीत. नमुना असा:

'मी आज दि. 3 जुलै रोजी राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील 30 दिवसांच्या नोटिशीनुसार माझा शेवटचा दिवस 2 ऑगस्ट राहील. मे व जून महिन्यांचा पगार, 19 दिवसांची शिल्लक रजा आणि मार्चपासूनचा पीएफचा भरणा येणे आहे. ही रक्कम अंतिम हिशेबात धरावी.'

मेलने पाठवा, आणि छापील प्रतीवर आवक शिक्का घ्या. नवी कंपनी लवकर बोलावत असेल तर नोटिशीचे उरलेले दिवस थकलेल्या पगारातून किंवा शिल्लक रजेतून वळते करावेत अशी लेखी मागणी करा. पगार देऊ न शकणारा मालक हे बरेचदा कबूल करतो. न सांगता जाणं बंद करू नका. रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडकतं आणि मालकाला तुमचं येणं रोखायला निमित्त मिळतं. 'सर्व रक्कम मिळाली' असं छापलेल्या कागदावर पैसे खात्यात पडल्यावरच सही करा. आग्रह झाला तर सहीखाली 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असं हाताने लिहा, तारीख घाला आणि फोटो काढा.

राजीनामा असो की कपात, शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराची बाकी द्यावी, असं वेतन संहिता सांगते. कंपन्या 45 दिवस म्हणतात ती त्यांची सवय. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. नाही मिळाली तर आधी लेखी स्मरणपत्र द्या आणि मग पणजीला पाटोवर जा. कामगार आयुक्तालय श्रमशक्ती भवनात, पीएफ कार्यालय भविष्य निधी भवनात आणि ईएसआयचं कार्यालय पंचदीप भवनात, तिन्ही तिथेच, कदंब बसस्थानकाच्या जवळ. एका सकाळीत तिन्हीकडे तक्रार देऊन होते. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण वाट पाहू नका. पाचदहा जणांनी एकत्र दिलेला अर्ज लवकर हलतो.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर वाट वेगळी. गोव्यातल्या कंपन्यांचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे चालतं. जाहीर सूचना निघाली की ठरावीक मुदतीत, सहसा 14 दिवसांत, फॉर्म डी भरून दिवाळखोरीचं काम बघायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे दावा नोंदवायचा. कंपनी विक्रीला निघालीच तर कामगारांच्या मागच्या 24 महिन्यांच्या येण्याला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचं स्थान असतं, इतर कर्मचाऱ्यांच्या 12 महिन्यांच्या येण्याला त्याच्या खालचं. एक गोष्ट उलटी वाटते पण खरी आहे: प्रक्रिया सुरू झाल्यानंतर कंपनी चालू ठेवण्यासाठी केलेल्या कामाचा पगार प्रक्रियेचा खर्च म्हणून आधी दिला जातो. त्यामुळे त्या काळातला नवा पगार कधीकधी आधीच्या वर्षापेक्षा नियमित येतो. जुनी बाकी मात्र तशीच रांगेत राहते.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. एकूण पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठीची दहा वर्षं मोडतात. वळवण्यासाठी जुन्या कंपनीने बाहेर पडण्याची तारीख नोंदवलेली असावी लागते. तिने नोंदवली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्य पोर्टलवर आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. त्याच दिवशी जुन्या खात्यातले कोणते महिने राहिले ते यादी करून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका, सोबत त्या महिन्यांच्या स्लिपा जोडून.